कोड आणि डोळे : पुण्यातल्या एका आय क्लिनिकचा अनुभव, ५ पैकी ४

आधी हे सांगते की मला कोड आहे, म्हणजे अंगावर पांढरे डाग, चौदा वर्षं झाली. पहिल्यांदा हाताच्या बोटांवर आलं, मग गुडघ्यांवर, आणि गेल्या चारेक वर्षांत दोन्ही डोळ्यांभोवती गोल पसरलंय, उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीचे अर्धे केस पण पांढरे झालेत. वय ४३, झेडपीच्या शाळेत शिकवते, राहायला वाईला. क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. मला कुणाची जाहिरात करायची नाही आणि खाली दोन गोष्टी नावडलेल्या पण लिहिल्यात. तिथे काय काय तपासलं आणि का तपासलं ते कळलं की तुम्ही तुमच्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तेच मागू शकता, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मला त्रास काय होत होता तर उन्हात गेलं की डोळे दिपायचे, म्हणजे शाळेच्या मैदानात प्रार्थनेला उभं राहिलं तरी डोळे बारीक करून बघावं लागायचं, आणि संध्याकाळी वह्या तपासताना डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं. वर्षभर हे चाललं होतं. मला वाटलं चाळिशी आलीय, नंबर बदलला असेल. म्हणून आधी एका चष्म्याच्या दुकानात गेले, तिथे त्यांनी कॉम्प्युटरवर नंबर काढला, जवळचा +१.२५ आला, चष्मा दिला. पण तिथे एक गोष्ट झाली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. तपासणाऱ्या माणसाने ती लोखंडी फ्रेम माझ्या नाकावर ठेवताना स्वतःचा हात लांब धरला आणि मला म्हणाला तुम्हीच लावून घ्या. कोड हाताला लागून पसरत नाही, कपड्याने नाही, एकाच ताटात जेवल्याने नाही, ते शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती रंगाच्या पेशींवर उलटते त्यातून होतं. २०२५ मध्ये पण हे सांगावं लागतं. आणि ते "श्वेतकुष्ठ" म्हणणं तर आता बंदच व्हायला पाहिजे, कुष्ठरोगाचा आणि कोडाचा काहीही संबंध नाही, कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्याच्या चट्ट्यावर बधिरपणा असतो, कोडाच्या डागावर चिमटा काढला तर तुमच्याइतकंच मलाही दुखतं.

असो. नवीन चष्म्याने अक्षरं स्पष्ट झाली पण खुपणं आणि दिपणं तसंच राहिलं. मग साताऱ्याच्या माझ्या स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांभोवती डाग आहेत तर एकदा बाहुली मोठी करून पूर्ण तपासणी करून घ्या, आणि थायरॉइडचा रिपोर्ट पण सोबत न्या. मी त्यांना विचारलं, कोडाचा डोळ्याशी काय संबंध, ते तर कातडीचं आहे ना. चौदा वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

तर मार्चमधल्या एका शनिवारी गेलो. ह्यांनी गाडी काढली, पहाटे सहाला वाईहून निघालो, खंबाटकीला ट्रकची रांग होती तरी साडेआठला पोचलो. अपॉइंटमेंट साडेनऊची. इथे पहिली तक्रार. साडेनऊची अपॉइंटमेंट म्हणजे साडेनऊला फक्त नाव लिहितात, आत बोलावलं अकरा वाजून गेल्यावर. खुर्च्या कमी, म्हातारी माणसं भिंतीला टेकून उभी होती, ह्यांनी आपली खुर्ची एका आजोबांना दिली आणि दोन तास जिन्यात उभे राहिले. आणि दुसरी तक्रार, रिसेप्शनच्या मुलीने फॉर्म भरताना "आधीचा आजार" विचारला, मी हळू आवाजात कोड सांगितलं, तर तिने आतल्या माणसाला मोठ्याने ओरडून विचारलं, "सर, कोडाच्या पेशंटचा वेगळा फॉर्म असतो का?" सगळा हॉल बघायला लागला. मी नंतर डॉक्टरांना हे सांगितलं, त्यांनी माफी मागितली, आणि दुसऱ्या वेळी गेले तेव्हा तीच मुलगी नीट वागली, हेही लिहायला हवं. एक स्टार त्याच्यासाठीच कमी केलाय.

आता आतलं. आधी एक ऑप्टोमेट्रिस्ट मुलगी होती, पंचविशीची असेल, तिने नंबर तपासला, फ्रेम स्वतःच्या हाताने लावली, केस बाजूला केले, "काकू हनुवटी इथे टेकवा" म्हणत हनुवटी पण धरून सरळ केली. एवढ्याशा गोष्टीने मला भरून आलं हे खरं सांगते. मग हवा मारून डोळ्याचं प्रेशर बघतात ते केलं. उजवा २६, डावा २५. तिने परत मारलं, परत तेच. ती काही बोलली नाही, फाइलवर लिहून लाल पेनने गोल केला. नॉर्मल साधारण १० ते २१ असतं हे मला नंतर कळलं.

डॉक्टर बाई आहेत, पन्नाशीच्या. त्यांनी फाइल बघितली, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "ताई, डोळ्यांभोवती काय लावता?"

मी ट्यूबचं नाव सांगितलं. पर्समध्येच होती, दाखवली. त्यांनी उलटी करून वाचली. "किती दिवसांपासून?" मी म्हटलं दोन वर्षं होत आली. "रोज?" रोज, रात्री. "कोणी सांगितलं दोन वर्षं लावायला?"

कोणीच नाही सांगितलं. खरं असं की पूर्वी एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिली होती, तेही हातासाठी. हातावर थोडा रंग परत आला, मला वाटलं डोळ्यांभोवती पण येईल, आणि मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देत राहिला, मी घेत राहिले, नव्वद-शंभर रुपयांची ट्यूब. आतमध्ये स्ट्राँग स्टेरॉइड होतं. डॉक्टर म्हणाल्या पापणीची कातडी अख्ख्या अंगावरची सगळ्यात पातळ, तिथे लावलेलं स्टेरॉइड आत झिरपतं, डोळ्यापर्यंत पोचतं, आणि काही लोकांमध्ये त्याने डोळ्याचं प्रेशर चढतं. प्रेशर चढलेलं कळत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, दिसायला पण नीट दिसत असतं, आणि आतली नस हळूहळू मरत जाते. तोच काचबिंदू. नस एकदा गेली की परत येत नाही. शिवाय स्टेरॉइडने मोतीबिंदू पण येऊ शकतो, भिंगाच्या मागच्या बाजूला येतो तो. मी ऐकत होते आणि माझे हात गार पडले होते. कोड घालवायला म्हणून जे दोन वर्षं मनापासून लावत होते त्याचं हे.

मग त्यांनी डोळा बधिर करायचा थेंब टाकून, निळा लाइट लावून परत प्रेशर मोजलं, हे जास्त अचूक असतं म्हणाल्या. २५ आणि २४. बधिर असतानाच एक काच डोळ्याला टेकवून आतला कोन बघितला, पाणी जिथून निघून जातं तो, तो उघडा होता. नंतर एक थेंब पिवळ्या रंगाचा टाकून पापणी न मिटता बसवलं आणि सेकंद मोजले, डोळ्यावरचं पाणी किती वेळ टिकतं ते. दहाच्या वर हवं, माझं पाच-सहालाच तुटत होतं. थोड्या वेळाने कागदाची एक पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं बसवलं, पट्टी किती ओली होते ते बघतात, दहा मिलिमीटरच्या वर हवी, माझी आठ झाली. म्हणजे डोळे कोरडे. वाळू खुपते ती ही. पापण्यांच्या काठाला बारीक तेलाच्या ग्रंथी असतात, त्या पण तुंबलेल्या होत्या. डोळ्यांभोवती कोड असलेल्यांत कोरडेपणा जास्त दिसतो असं त्या म्हणाल्या. आणि मी पांढरे केस झाकायला रोज काजळ-मस्कारा लावते, तो रात्री नीट काढत नव्हते, त्याने ग्रंथींची तोंडं बुजतात. मस्कारा बंद करा असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, लावा, पण रात्री काठापासून नीट पुसून झोपा. मला हे फार आवडलं. त्यांना समजलं होतं की तो मी हौसेने लावत नाही.

मधेच खूप प्रश्न विचारले, जे मला तेव्हा विचित्र वाटले. कधी खूप डोकं दुखून दोन्ही डोळे एकदम लाल होऊन दिसायचं कमी झालं होतं का? कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं का? ऐकू कमी येतं का? डोक्यावरचे केस गुच्छाने गेले का? डाग आधी आले की डोळ्याचा त्रास आधी? मी सगळ्याला नाही म्हटलं, डाग आधी. मग त्यांनी सांगितलं की व्होग्ट-कोयानागी-हाराडा नावाचा एक आजार आहे, नाव स्वित्झर्लंड आणि जपानच्या डॉक्टरांवरून पडलंय, आपल्याकडेही त्याचे पेशंट बऱ्यापैकी येतात. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती सगळीकडच्याच रंगपेशींवर तुटून पडते, डोळ्यात, आतल्या कानात, मेंदूच्या आवरणात, कातडीत. त्यात साधारणपणे आधी डोकेदुखी आणि कानाचा त्रास, मग दोन्ही डोळ्यांना आतून सूज, डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली पाणी, आणि काही आठवड्या-महिन्यांनी पापण्यांचे केस पांढरे आणि अंगावर डाग. म्हणून पांढऱ्या पापण्या दिसल्या की त्या हे विचारतातच. त्या आजारात मात्र स्टेरॉइडच लागतं, तेही भरपूर आणि लगेच, आणि हळूहळू कमी करत महिनोन्महिने, नाहीतर नजर जाते. हे मी एवढ्यासाठी लिहिलं की वरचं वाचून कुणी डॉक्टरने दिलेलं स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नका. माझी चूक होती ती विचारल्याशिवाय लावत राहण्याची.

थायरॉइडचा रिपोर्ट पण बघितला. माझ्या थायरॉइडच्या गोळ्या धाकट्याच्या वेळेपासून चालू आहेत. कोड असलेल्यांत थायरॉइडचा आजार जास्त दिसतो, दोन्हींत प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटलेली असते, आणि थायरॉइडचा एक प्रकार डोळे बाहेर आणतो, म्हणून पापणी किती वर उचलली जाते, डोळे पुढे आलेत का, तेही पट्टीने मोजलं. ते नव्हतं.

मग बाहुली मोठी करायचे थेंब. तीन वेळा टाकले, पाऊण तास बसवलं. इथे कुणी आधी फोनवर सांगत नाही की थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं दिसत नाही, गाडी चालवता येत नाही, ऊन सहन होत नाही. सोबत माणूस न्याच. मी एकटी एसटीने जाणार होते, ह्यांनी ऐकलं नाही म्हणून बरं.

या तपासणीत डॉक्टरांनी डोक्यावर लाइट बांधून, मला वर-खाली-डावीकडे-उजवीकडे बघायला लावून, पडद्याचा कोपरा न् कोपरा बघितला. त्यानंतर मशिनवर फोटो काढले. आणि मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. हे मला आजवर कुठल्याच डॉक्टरने केलं नव्हतं. माझ्याच डोळ्याच्या आतला पडदा, केशरी-लाल, सूर्य मावळताना धोम धरणाच्या पाण्यावर असतो तसा रंग, मधून शिरांच्या फांद्या. उजव्या डोळ्यात कडेला तीन-चार ठिकाणी तो रंग फिका होता, बारीक ठिपके. मला एका क्षणात ते ओळखू आले. चौदा वर्षं आरशात तेच तर बघतेय.

"हे आत पण आलंय?" मी विचारलं.

त्यांनी घाई केली नाही, बाहेर पंधरा पेशंट होते तरी. सांगितलं की रंगाच्या पेशी फक्त कातडीत नसतात. डोळ्याचं बुब्बुळ ज्या रंगाचं दिसतं तो रंग त्यांचाच, पडद्यामागे रक्तवाहिन्यांची जी जाळी असते तिच्यात पण त्या असतात, आणि पडद्याला चिकटून आणखी एक रंगाचा थर असतो, तो थोडा वेगळा, गर्भात वेगळ्या ठिकाणाहून तयार होतो, पण रंग तोही बनवतो. त्या रंगाचं काम काय तर आत आलेला जादाचा उजेड शोषून घ्यायचा, जुन्या कॅमेऱ्याची आतली बाजू काळी असायची ना, तसं. कोड असलेल्या काही लोकांत या थरात अशा फिक्या जागा दिसतात. १९८३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता, कोडाचे २२३ पेशंट तपासले होते, त्यातल्या २७ टक्के लोकांच्या पडद्यावरच्या या थरात रंग कुठे ना कुठे कमी दिसला, आणि कोड नसलेल्यांत ४ टक्के. पण बहुतेकांचं सौम्य होतं, ठिपके असतात, नजर चांगली असते. "ताई, तुमची दोन्ही डोळ्यांची नजर चष्म्याने सहा बाय सहा आहे. हे ठिपके मधल्या भागापासून लांब आहेत. हे आपण फोटो काढून ठेवलेत, वर्षाने परत काढू, जोडून बघू. यासाठी औषध नको."

मी विचारलं मग बुब्बुळाचा रंग पण जाईल का, डोळे घारे होतील का. नाही म्हणाल्या, कोडात डोळ्याचा रंग सहसा बदलत नाही. हा प्रश्न मला वाटतं आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात असतो आणि विचारायची लाज वाटते, म्हणून इथे लिहून ठेवते.

नस कशी आहे ते बघायला ओसीटी स्कॅन केला, हा वेगळा चार्ज आहे. नस चांगली निघाली. मोतीबिंदू नाही. म्हणजे प्रेशर चढलं होतं पण नुकसान व्हायच्या आत सापडलं. मी हे ऐकलं आणि बाहेर येऊन ह्यांना सांगताना रडले. त्यांना वाटलं काहीतरी वाईट निघालं.

औषधं : ती ट्यूब डोळ्यांभोवती बंद. प्रेशर उतरवायचा थेंब दोन वेळा, तो लिहायच्या आधी दमा आहे का, नाडी मंद आहे का विचारलं, कारण तो थेंब दम्याच्या माणसाला चालत नाही. कोरडेपणासाठी अश्रूंसारखे थेंब, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांमध्ये येतात, महाग आहेत. रोज रात्री गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पापण्या दहा मिनिटं शेकायच्या. आणि स्किनच्या डॉक्टरांना एक पत्र लिहून दिलं, की डोळ्यांभोवती स्टेरॉइड नको, प्रेशर चढतंय, पर्याय बघावा. ते पत्र मी साताऱ्याला दिलं, त्यांनी टॅक्रोलिमसचं मलम सुरू केलं, त्यात स्टेरॉइड नसतं, त्याने प्रेशर चढत नाही. पहिले आठ दिवस चुरचुरलं, आता नाही.

दोन डॉक्टर एकमेकांना पत्र लिहितात हे मी पहिल्यांदा बघितलं. चौदा वर्षांत मी स्किनवाल्यांकडे गेले तर त्यांनी कातडी बघितली, चष्म्याच्या दुकानात गेले तर नंबर बघितला, थायरॉइडवाल्यांनी गोळी वाढवली-कमी केली, आणि मी तीच एक बाई सगळीकडे फिरत होते. माझ्या हातातली ट्यूब आणि माझं डोळ्याचं प्रेशर यांची गाठ कुणी घातली नाही. या क्लिनिकला चार स्टार देते ते मशिनींसाठी नाही, मशिनी पुण्यात सगळीकडे आहेत. डोळ्यांभोवती काय लावता, या एका प्रश्नासाठी देते.

लाइट ट्रीटमेंटबद्दल पण विचारलं कारण मी साताऱ्याला आठवड्यातून दोनदा नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे डागांवर मशिनने अतिनील किरण, घेते. गॉगल घालूनच घ्या म्हणाल्या. पापण्यांवर लाइट हवा असेल तर स्किनच्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच, डोळे घट्ट मिटून, मधे एकदाही न उघडता. आणि ज्यांना सोरालेनच्या गोळ्या देऊन ऊन किंवा यूव्हीए देतात त्यांनी गोळी घेतल्यापासून २४ तास यूव्ही अडवणारा चष्मा घालायचा, घरात खिडकीजवळ बसलं तरी, कारण ते औषध डोळ्याच्या भिंगात पण जातं. हे ऐकून मला माझी आत्या आठवली. आमच्याकडे बावचीचं तेल लावून उन्हात बसायची पद्धत होती, आत्या तर बावचीची पूड पण खायची आणि अंगणात दुपारची बसायची, गॉगल वगैरे कुठला. बावचीत तेच सोरालेन असतं. तिच्या पायाला फोड आले होते ते मला आठवतात, पन्नाशी उलटली नाही तोच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेही आठवतं. दोन्हीचा संबंध होता का हे आता कोण सांगणार, पण त्या दिवशी गाडीत बसून तिचीच आठवण येत राहिली.

गॉगलबद्दल एक कामाची गोष्ट. रस्त्यावरचा शंभर-दीडशेचा काळा गॉगल घेऊ नका. काच काळी असली की बाहुली मोठी होते, आणि काचेला यूव्ही अडवायची ताकद नसेल तर उलट जास्त किरण आत जाऊ शकतात. यूव्ही ४०० असं लिहिलेलं आणि खात्रीचं घ्या, फिक्या रंगाचं असलं तरी चालतं. क्लिनिकच्या खाली त्यांचंच चष्म्याचं काउंटर आहे, तिथला मुलगा साडेचार हजाराचा घ्या म्हणून मागे लागला होता, मी नाही घेतला. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं बाहेरून घेतला तरी चालेल. सातशे रुपयात वाईलाच घेतला, आणि शाळेतल्या एका मॅडमच्या भावाच्या दुकानात यूव्हीचं मशिन आहे त्यावर तपासून घेतला. आता मैदानात प्रार्थनेला गॉगल लावून उभी राहते. पहिल्या दिवशी चौथीतली पोरं हसली, दुसऱ्या दिवशी विसरली.

खर्च सांगते कारण सगळ्यांना तेच हवं असतं. तपासणी ८००, ओसीटी १५००, पडद्याचे फोटो ५००, थेंब मिळून साधारण ९००. दुसऱ्या वेळी फक्त ४०० घेतले. माझ्यासारखीला हे एकदम जड जातं, पण कोड असलेल्या प्रत्येकाला सगळंच लागतं असं नाही. डॉक्टरांनीच सांगितलं की प्रेशर मोजणं आणि बाहुली मोठी करून पडदा बघणं एवढं तरी एकदा व्हावं, बाकीचं गरज पडली तर. हे दोन्ही मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात पण होतं. डोळ्यांभोवती डाग असतील, पापण्या पांढऱ्या असतील किंवा वर्षानुवर्षं मलम लावत असाल तर मात्र टाळू नका.

सहा आठवड्यांनी परत गेले. तेव्हा मे महिना, शाळेला सुट्टी, गर्दी कमी, अर्ध्या तासात आत. प्रेशर १७ आणि १६. थेंब बंद करून बघू म्हणाल्या, महिन्याने वाईतच एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मोजलं, १७-१७. ट्यूब बंद केली आणि उतरलं, म्हणजे कारण तेच होतं. खुपणं सत्तर टक्के गेलंय. दिपणं गॉगलने सुसह्य आहे, पूर्ण गेलं नाही. डाग आहेत तसेच आहेत, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तीळभर रंग परत आलाय, तो मी रोज सकाळी आरशात बघते.

जायचं असेल त्यांच्यासाठी : दुसरा मजला, लिफ्ट आहे पण छोटी, व्हीलचेअर बसत नाही. पार्किंग नाही, समोरच्या गल्लीत लावावी लागते आणि शनिवारी ती पण भरते. शनिवार टाळा, मंगळवार-बुधवार जा. जुने रिपोर्ट त्या खरंच वाचतात, त्यामुळे सगळे न्या. कागदावरचं अक्षर डॉक्टरांचं काही कळत नाही, बाहेर पडायच्या आधी ऑप्टोमेट्रिस्टकडून वाचून घ्या, ती न कंटाळता सांगते.

पडद्याचा तो फोटो मी मोबाइलमध्ये काढून घेतला. रक्षाबंधनाला माहेरी गेले तेव्हा धाकट्या बहिणीला दाखवला. तिला पण दोन वर्षांपासून ओठाच्या कडेला आणि एका भुवईत आलंय, ती कुणाला सांगत नव्हती, मला पण तेव्हाच कळलं. फोटो मोठा करून करून बघत होती, म्हणाली ताई हे तर माझ्या भुवईसारखंच दिसतंय. मग आत जाऊन कपाटातून तिने एक ट्यूब आणली. तीच कंपनी, तीच ट्यूब, अर्धी संपलेली. पुढच्या बुधवारी साडेदहाची तिची अपॉइंटमेंट घेतलीय, मी रजा टाकलीय, ट्यूब तिच्या पर्समध्ये मीच ठेवून आलेय.